दरवर्षी युरिया वाढतो, भाताचा उतारा मात्र तिथंच: बिघाड कसा शोधायचा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे हा मजकूर तुमच्या कामाचा आहे की नाही ते लगेच कळेल.

पाच-सहा वर्षांपूर्वी जेवढ्या युरियात खाचराला काळोखी यायची, तेवढ्यात आता येत नाही. लावणीला तीनेक आठवडे झाले की पीक पिवळट, आखडल्यासारखं दिसतं. मग ठरल्यापेक्षा थोडा जास्त युरिया पडतो. चार-पाच दिवसांत पान हिरवं होतं आणि वाटतं, बरं झालं दिला. पुढे पानं लुसलुशीत होतात, करपा किंवा तुडतुडे येतात, नाहीतर दाणा भरताना वारा सुटला की पीक लोळतं. मळणी झाल्यावर उतारा गेल्या वर्षीइतकाच, वर पळींज, म्हणजे पोचट दाणे, जास्त. पुढच्या हंगामात तो 'थोडा जास्त' नेहमीचा होऊन बसतो आणि त्यावर आणखी थोडा चढतो.

हे चक्र मी स्वतःच्या खाचरात बरीच वर्षं चालवलंय. त्यातून बाहेर पडताना जे समजलं ते असं, की वाढत गेलेला युरिया ही बहुतेक वेळा जमिनीची वाढलेली भूक नसते. खतांच्या यादीतून दुसरंच काहीतरी गळालेलं असतं, किंवा दिलेलं नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळण्याआधीच उडून जात असतं. ती उणीव आपण युरियानं झाकतो. झाकली की ती दिसत नाही, पण असते तिथंच, म्हणून पुढच्या वर्षी परत समोर येते.

इथं लिहिलंय ते मुख्यतः चिखलणी करून, पाणी बांधून घेतलेल्या लावणीच्या भाताबद्दल. पेरभाताला बरंचसं लागू पडतं, दिवसांचा हिशोब तेवढा बदलतो.

पहिलं काम शेतात नाही, वहीत

खताची जुनी वही असेल तर काढा. नसेल तर घरात जो कोणी खत टाकतो त्याच्याजवळ बसून आठवा. गोण्या किती पडल्या हे आपल्याला चटकन आठवतं. शोधायचं मात्र दुसरंच आहे: कुठलं खत कुठल्या वर्षी बंद झालं, कुठलं त्याच्या जागी आलं, किती वेळा टाकायचो आणि आता किती वेळा टाकतो, पेंढा शेतात राहायचा की बाहेर जायचा, शेणखत कधी थांबलं, जात कधी बदलली.

माझ्या वहीत युरियाचा आकडा तीन ठिकाणी उडी मारतो. पहिली उडी सुपर फॉस्फेट बंद करून डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) सुरू केलं त्यानंतरची. दुसरी, माणसं मिळेनात म्हणून वरखताचे, म्हणजे उभ्या पिकाला द्यायच्या खताचे, दोन हप्ते एकात उरकले तेव्हाची. तिसरी, मळणी यंत्रावर गेली आणि पेंढा पूर्ण उचलला जाऊ लागला त्यानंतरची. यातल्या एकाही वर्षी जमीन एकाएकी भुकेली झाली नव्हती. खत द्यायची माझी रीत बदलली होती आणि त्याचं बिल युरियाच्या रकान्यात निघत होतं. हे तिन्ही आकडे एका कागदावर ओळीनं लिहिले तेव्हा कळलं. सुटे पाहिले असते तर कधीच कळलं नसतं.

पहिल्या उडीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ती फार ठिकाणी झालेली आहे. भाताला रासायनिक नत्र द्यायची सुरुवात बऱ्याच ठिकाणी अमोनियम सल्फेटनं झाली. त्यात नत्र सुमारे २१ टक्के आणि गंधक सुमारे २४ टक्के, म्हणजे नत्राहून गंधक जास्त. पुढे युरिया आला. ४६ टक्के नत्र, वाहायला हलका, किलोमागे नत्र जास्त. गंधक शून्य. स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) तेच झालं. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्क्यांच्या आसपास गंधक आणि भरपूर कॅल्शियम असतं. डीएपीत १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद आणि गंधक जवळजवळ नाहीच. एका हेक्टरला ४६ किलो स्फुरद द्यायचं तर डीएपी १०० किलो पुरतं, सुपर फॉस्फेट सुमारे २८८ किलो लागतं. ओझं कमी झालं हे खरंच. पण त्या २८८ किलोबरोबर फुकट येणारं तीसेक किलो गंधकही गेलं, आणि ते कुणी कधी मोजलेलं नसल्यामुळे गेलेलं कळलंही नाही. गंधक कमी पडलं की पान पिवळं पडतं. पिवळं पान दिसलं की आपण काय देतो? युरिया.

याच बदलात आणखी एक गोष्ट निसटते. त्या १०० किलो डीएपीतून १८ किलो नत्र लावणीच्या वेळीच पडलेलं असतं. पायाभूत हप्त्याचा युरिया तेवढ्यानं कमी करायला हवा. बहुतेक जण करत नाहीत, मीही करत नव्हतो. रोपाची मुळं नव्या जागी बसायला आठवडाभर लागतो, तोपर्यंत त्याला फारसं नत्र घेताच येत नाही. सगळ्यात जास्त नत्र आपण नेमकं त्याच आठवड्यात ओततो.

पूर्वी कमी खतात कसं भागायचं

हा प्रश्न जुनी माणसं हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. उंच वाढणाऱ्या जुन्या जातींना नत्र जास्त झालं की त्या आडव्या पडायच्या, म्हणून खताला आपोआप लगाम होता. १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आयआर-८ ही बुटकी जात दिली आणि तो लगाम सुटला. ताठ, आखूड खोडाला जास्त नत्र पेलायला लागलं. त्या वेळी जमिनीत स्फुरद, पालाश (पोटॅश), जस्त, गंधक यांचा पिढ्यान् पिढ्या साठलेला ठेवा होता. कमी होतं ते फक्त नत्र. म्हणून दिलेल्या प्रत्येक किलो नत्राला भरघोस दाणा मिळाला आणि आपल्या मनात एक समीकरण पक्कं बसलं: युरिया म्हणजे उत्पन्न.

पुढे दरवर्षी मोठी पिकं निघत गेली तसा तो ठेवा उपसला गेला. हेक्टरी ५ टन भात पिकवणारं पीक ढोबळमानानं ७५ किलोच्या वर नत्र, ३० किलो स्फुरद आणि ८५ किलोच्या आसपास पालाश उचलतं. भात युरियावर पिकतो असं म्हणणाऱ्यांनी हा पालाशाचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. तो नत्राच्या खाली नाही. त्यातला चार-पंचमांशाहून जास्त वाटा पेंढ्यात असतो. पेंढा शेतात राहतो तोवर पालाश फिरून परत येतो. पेंढा उचलला की उचललेल्या प्रत्येक टनामागे १४ ते २० किलो पालाश गाडीत बसून जातो. जाळला तर पालाश राखेत राहतो खरा, पण ढीग असेल तिथंच, आणि पेंढ्यातलं नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं.

आता ज्या एका प्रयोगानं माझी समजूत बदलली त्याबद्दल. त्याच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या लॉस बान्योस इथल्या शेतावर १९६३ पासून एकाच जागी भातामागून भात घेतला जातोय, १९६८ पासून वर्षाला तीन पिकं. तिथं जाती नव्या येत गेल्या, काळजी उत्तम, नत्राची मात्रा ठरलेली. तरी १९९० च्या सुमारापर्यंत उतारा हळूहळू खाली येत गेला. जमिनीतला सेंद्रिय पदार्थ मोजला तर तो घटलेला नव्हता. घटलं होतं ते त्या सेंद्रिय पदार्थातून पिकाला सुटून मिळणारं नत्र. बारा महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत तो साठा असा बांधला गेला होता की असून नसल्यासारखा. मग नत्र द्यायची वेळ आणि मात्रा पिकाच्या गरजेप्रमाणे बदलली, दोन पिकांच्या मध्ये जमीन वाळू दिली, आणि उतारा परत वर चढला.

आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट ही की जमीन 'थकली' असं आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा ती फक्त श्वास कोंडलेली असते. दोन भातांच्या मध्ये खाचर पूर्ण वाळून भेगा पडेपर्यंत मोकळं राहतं का, हे वहीत लिहायच्या गोष्टींत घाला. सलग ओलं राहत असेल तर एक उथळ नांगरट करून वाळवणं, हा खतावर एक पैसा न घालता करता येणारा उपाय आहे. कुठलीही मात्रा बदलण्याआधी तो करा.

दिलेलं नत्र जातं कुठं

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात मोठं भोक हेच आहे. पाण्यावर फेकलेल्या युरियातलं नत्र पिकाला साधारण ३० ते ४० टक्केच मिळतं. उरलेल्यातलं थोडं मातीत राहतं, बाकीचं जातं.

पीएच, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, ते मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. एक पुडकं आणा आणि लावणीनंतर, पीक अजून विरळ असताना, खाचरातल्या साचलेल्या पाण्यात सकाळी सातला एक आणि दुपारी दोनला एक पट्टी बुडवा. सकाळी पट्टी साडेसातच्या आसपासचा रंग दाखवते. दुपारी तीच ९ पर्यंत किंवा त्याच्याही पुढे गेलेली दिसते. पाण्यावरचं हिरवं शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पाणी आम्लारी, म्हणजे अल्कधर्मी, होतं. फेकलेल्या युरियाचं दोन-तीन दिवसांत अमोनियम होतं आणि अशा आम्लारी, कोमट पाण्यातून ते अमोनिया वायू होऊन उडून जातं. वारा असेल तर आणखी वेगानं. परिस्थिती वाईट असेल तर टाकलेल्या नत्राचा जवळपास निम्मा भाग या एका वाटेनं आठवड्याभरात जाऊ शकतो. मी अनेक वर्षं भर दुपारी, फूटभर उभ्या पाण्यात युरिया फेकत आलो होतो. दुपारी दोनची ती पट्टी हातात धरून बांधावर उभा राहिलो तेव्हा गेल्या कितीतरी हंगामांचा हिशोब डोळ्यांपुढे आला.

दुसरी वाट अशी. पाण्याखालच्या मातीचा वरचा काही मिलिमीटरांचा पापुद्रा हवेशीर असतो. तिथं अमोनियमचं नायट्रेट होतं, ते खाली निर्वात थरात झिरपतं आणि तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. खाचर मध्येच सुकतं, परत भरतं, परत सुकतं, अशी ओढाताण झाली की हे नुकसान वाढतं.

उपाय या दोन्ही वाटा डोळ्यांसमोर ठेवून करायचे.

पायाभूत हप्ता पाण्यावर टाकूच नका. पाणी काढून, शेवटच्या चिखलणीच्या वेळी मातीत मिसळा, मग पाणी सोडा. वरखत टाकायच्या आधी पाणी उतरवा, चिखल उघडा पडू द्या, युरिया टाका आणि एक-दोन दिवसांत पाणी परत घ्या म्हणजे आत शिरणारं पाणी नत्राला मुळांपर्यंत घेऊन जातं. टाकल्यावर चार-पाच दिवस बांधावरून पाणी बाहेर जाणार नाही हे बघा. पाणी काढणं हातात नसेल तर निदान पाण्याची उंची कमी ठेवा आणि दुपार टाळा. तणं आधी काढा, नाहीतर पहिला घास तीच खातात.

युरियाच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणं हा याहून खात्रीचा मार्ग आहे. नत्र निर्वात थरात बसतं आणि दोन्ही वाटा बंद होतात. युरिया साधारण एक-तृतीयांशानं कमी लागतो. मेहनत मात्र भरपूर आहे, पाठ मोडते, आणि हलक्या वाळूसर जमिनीत नत्र खाली निसटतं. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत, ओळीत लावणी असेल तरच याच्या वाटेला जा.

पिवळं पान नेमकं कुठलं

'पीक पिवळं पडलंय' या वाक्यावर युरिया देऊ नका. वाकून बघा, पिवळं कुठलं पान आहे.

खालची, जुनी पानं शेंड्याकडून पिवळी पडत आलीत, वरची हिरवी आहेत आणि हे सगळ्या खाचरात सारखं आहे, तर नत्र कमी आहे. नत्र झाडाच्या आत फिरतं, जुन्या पानातून नव्याकडे जातं, म्हणून जुनं आधी सुकतं. उलट वरचं नवं पानच फिकं पिवळं आणि खालची त्यापेक्षा हिरवी असतील तर गंधकाचा संशय घ्या, कारण गंधक तसं सहज फिरत नाही. इथं युरिया दिला तर पान थोडं सावरेल आणि तुम्ही फसाल. अमोनियम सल्फेटचा हप्ता देऊन बघा, किंवा पुढच्या हंगामात डीएपीच्या जागी सुपर फॉस्फेट आणा.

जुन्या पानाची कड आणि शेंडा तांबूस-तपकिरी वाळलाय, बाकी पीक गडद हिरवं आहे, तर पालाश. हे लक्षण बरंच उशिरा दिसतं आणि लोक त्याला रोग समजतात. पीक बुटकं, गडद हिरवं, ताठ, फुटवे कमी असेल तर स्फुरद. पण वर्षानुवर्षं डीएपी पडलेल्या खाचरात स्फुरद कमी पडणं तसं विरळाच. पाणी बांधल्यावर मातीतला अडकलेला स्फुरद आपोआप मोकळा होतो, ही भाताला मिळालेली मोठी सवलत आहे.

जस्ताचं मात्र नेमकं उलटं. पाणी बांधलं की जस्त मिळेनासं होतं आणि स्फुरद फार झाला तर ही टंचाई आणखी वाढते. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत, खाचरात ठिगळं पडल्यासारखी झाडं खुजी राहतात, पानांवर गंजाचे डाग येतात, नव्या पानाच्या मधल्या शिरेचा बुडखा पांढुरका होतो आणि पानं ढिली पडून पाण्यावर तरंगतात. याला खैरा म्हणतात. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की हा रोग नसून जस्ताची कमतरता आहे. इतकी वर्षं झाली, तरी आजही खैऱ्यावर आधी युरिया आणि मग बुरशीनाशक पडतं. पाणी चार-पाच दिवस काढून ठेवल्यावर ठिगळं सावरू लागली तर संशय पक्का समजा. उभ्या पिकाला अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुना एकत्र करून फवारणी, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. जमिनीतून द्यायचं तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट शेवटच्या चिखलणीला. एकदा दिलं की दोनेक हंगाम तरी पुरतं, दरवर्षी द्यायची गरज नाही. डीएपीत मिसळून देऊ नका, दोघं एकमेकांना बांधून टाकतात.

एक गोष्ट कुणी करत नाही ती करा. एक चूड मुळासकट उपटा आणि धुवा. मुळांवर तांबूस लेप आणि टोकं पांढरी असतील तर मूळ जिवंत आहे. मुळं काळी आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तुमची अडचण खताची नाहीच, खाली गंधकाचा विषारी वायू साठलाय. अशा मुळांना कितीही युरिया द्या, ती घेणार नाहीत. पाणी काढा, माती उघडी पडू द्या, नवी पांढरी मुळं आल्यावर खताचं बघा. कच्चं शेणखत किंवा हिरवळीचं खत गाडून लगेच लावणी केली की हे हमखास होतं. मध्ये पंधरवडा तरी जाऊ द्या.

डोळ्याच्या अंदाजाऐवजी पट्टी

शेजारच्या खाचराची काळोखी बघून आपला हात सैल होतो, हे मी सगळीकडे बघितलंय. गर्द हिरवं पान हे भरल्या लोंबीचं आश्वासन नाही. करपा, कडाकरपा, तुडतुडे, पान गुंडाळणारी अळी, या सगळ्यांना तेच पान आवडतं.

पानाचा रंग जुळवून बघायची चार हिरव्या छटांची पट्टी मिळते. लावणीनंतर चौदाव्या दिवसापासून फुलोऱ्यापर्यंत दर सात-दहा दिवसांनी वापरायची. वरचं पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं, न तोडता, त्याचा मधला भाग पट्टीवर टेकवायचा, आणि आपल्या अंगाची सावली त्यावर पाडायची कारण उन्हात रंग फसवतो. अशी दहा पानं, वेगवेगळ्या चुडांची, रोग नसलेली. दरवेळी तीच व्यक्ती, दिवसाची तीच वेळ. दहापैकी सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या छटेपेक्षा फिकी असतील तर हेक्टरी २५ ते ३० किलो नत्र, म्हणजे ५५ ते ६५ किलो युरिया. नसतील तर घरी परत. ठरलेली छटा जातीप्रमाणे पट्टीवरच्या ३ किंवा ४ आकड्याची असते. मुळातच फिक्या पानाच्या सुवासिक जातींना ४ आकड्याची लावाल तर उगाच खत पडेल.

सगळ्यात मोलाचा हप्ता लोंबी आतमध्ये तयार व्हायला लागते तेव्हाचा. तो दिवस कॅलेंडरवरून काढण्यापेक्षा झाडात बघा. मुख्य फुटवा बुडाशी कापा आणि ब्लेडनं उभा चिरा. शेवटच्या पेराच्या वर, पानांच्या गाभ्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा पांढरा, पिसासारखा कोंब दिसला की वेळ आली. १२० दिवसांच्या जातीत हे पेरणीपासून साधारण ५५ ते ६० दिवसांनी येतं. या वेळचं नत्र दाण्यांची संख्या वाढवतं. आधी भरमसाट दिलेलं नत्र नुसते फुटवे वाढवतं आणि त्यातले कित्येक लोंबी न धरताच मरतात.

जमीन स्वतः किती देते

माती तपासणी करून घ्या. स्फुरद, पालाश, जस्त आणि आम्लता यांसाठी ती उपयोगी आहे. पाण्याखालच्या भातात नत्राचा अंदाज मात्र तिच्यावरून नीट लागत नाही, लॉस बान्योसचं उदाहरण वर दिलंच आहे. त्यासाठी शेतालाच विचारायचं.

खाचराच्या मध्यावर, कडेला नव्हे, ५ बाय ५ मीटरचा तुकडा घ्या. भोवती वीतभर उंच मातीचा बांध घाला म्हणजे बाजूचं खत पाण्याबरोबर आत येणार नाही. त्यात स्फुरद, पालाश, जस्त सगळं द्या, नत्र अजिबात नको. डीएपी तिथं चालणार नाही, त्यात नत्र आहे, सुपर फॉस्फेटच वापरा. कापणीला त्या तुकड्याच्या मधला २ बाय अडीच मीटर, म्हणजे ५ चौरस मीटर, वेगळा कापा. तेवढाच चौकोन नेहमीच्या खतातल्या भागातूनही कापा. दोन्ही झोडपा, पळींज काढा, सारखे वाळवा आणि तोला. ५ चौरस मीटरमधला १ किलो म्हणजे हेक्टरी २ टन.

समजा नत्र नसलेल्या चौकोनात दीड किलो निघालं, म्हणजे हेक्टरी ३ टन. नेहमीच्या चौकोनात अडीच किलो, म्हणजे ५ टन. नत्रानं दिलेली वाढ २ टन. नत्र नीट वेळेवर दिलं तर एका किलोला २० ते २५ किलो दाणा मिळायला हवा. म्हणून टनभर वाढीला ४० ते ५० किलो नत्र धरायचं. दोन टनांना ८० ते १००, म्हणजे युरिया १७५ ते २१५ किलोच्या दरम्यान, डीएपीतलं नत्र धरून. आता तुम्ही प्रत्यक्ष किती टाकता ते याच्याशेजारी लिहा. तो आकडा १५० किलो नत्राचा असेल तर वरचे पन्नासेक किलो कुठल्याही दाण्यात गेलेले नाहीत.

पहिल्यांदा हा तुकडा केला तेव्हा नत्राशिवाय तिथं लोंब्या आल्या यावरच घरच्यांचा विश्वास बसेना. तोललेलं भात समोर ठेवल्यावर बोलणं बदललं.

कमी करताना

एकदम निम्मा करू नका. पहिल्या वर्षी मात्रा तीच ठेवा, फक्त टाकायची पद्धत सुधारा: पायाभूत हप्ता हलका आणि मातीत, पाणी उतरवून वरखत, लोंबीच्या कोंबाचा हप्ता नक्की. पीक जास्त गर्द दिसायला लागेल, तीच कमी करायची परवानगी समजा. दुसऱ्या वर्षी पहिल्या आठवड्यातलं नत्र कापा, सगळ्यात जास्त वाया तेच जातं. त्याच वर्षी यादीतून गळालेलं एक खत परत आणा, पण एका वेळी एकच, आणि निम्म्या खाचरातच. सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही आणि दोन वर्षांनी आपण परत युरियाच्या गोणीशी येऊन उभे राहतो.

पेंढ्याचं जमेल तेवढं करा. सगळा ठेवणं शक्य नसतं, जनावरं असतात, पुढचं पीक असतं. निम्मा जरी कापणीनंतर लगेच मातीत गेला, पुढच्या लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, तरी पालाशाचा खड्डा भरू लागतो.

नत्राविना तुकडा दरवर्षी नव्या जागी घ्या. एकाच जागी ठेवला तर ती जागा खरोखरच उपाशी पडत जाते आणि पुढच्या वर्षी खोटा आकडा देते. माझ्या खाचरात जुन्या तुकड्यांच्या चारी कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या तशाच ठेवल्यात, म्हणजे नांगरणाऱ्याला आणि मलाही कळतं की या जागा होऊन गेल्यात.